पाइप मोठा म्हणजे पॉवर जास्त, हे कुणी सांगितलं?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या मॉडिफिकेशनवर लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की टर्बो गाडीला इंटरकूलरचा पाइप जेवढा मोठा टाकाल तेवढी पॉवर वाढते. (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि दाबून गरम झालेली ती हवा वाटेत थंड करतो तो इंटरकूलर.) ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला, कारण नेमकं हेच ऐकून माझ्या भाच्याने मागच्या पावसाळ्यात चांगले तीस हजार घालवलेत. मी कोल्हापुरात उद्यमनगरात पाइप वाकवायचं आणि आर्गन वेल्डिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली, पण मामाला विचारायचं नाही, पुण्याला जायचं.

गाडी त्याची ब्रेझा डिझेल, इंजिन १२४८ सीसी. तिथल्या एका गॅरेजवाल्याने कंपनीचे पाइप काढून सगळीकडे तीन इंची बसवले, पॉलिश असं की बघून दाढी करावी. आणि आम्ही रत्नागिरीहून येत होतो, साखरपा सोडलं, आंबा घाट लागला, दुसऱ्या गिअरला याने पाय दाबला आणि बॉनेटमधून फट्ट! मागं काळा धूर, पिकअप गायब, मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न. बॉनेट उघडलं तर इंजिनकडचा रबरी जॉइंट निसटून बाजूला पडलेला. पाइपात बोट घातलं तर तेलकट. ते असणारच, इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीतून त्याच वाटेने जाते, पण पाइपच्या तोंडाला कड उठवलेली नाही, वर साधी स्क्रूची क्लिप, मग रबर धरणार कशाला? इंजिन थंड व्हायला अर्धा तास बसलो, सॅनिटायझरने पाइपचं तोंड पुसलं, क्लिप आवळली आणि पाय न दाबता घरी आलो.

आता हिशेब बघा, अवघड काही नाही. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा ओढतं, म्हणजे ४००० आरपीएमला १२४८ सीसी मिनिटाला २५०० लिटर, सिलिंडर पूर्ण भरत नाही म्हणून नव्वद टक्के धरा, २२५०. सेकंदाला साडेसदतीस लिटर. दोन इंची पाइप, दीड एमएम जाडीचा, आतून ४७.८ एमएम, त्यातून ही हवा सेकंदाला साधारण २१ मीटरने जाते, म्हणजे ताशी ७५ किलोमीटर. ट्यूनिंगवाल्यांचा ठोकताळा असा की आवाजाच्या वेगाच्या चाळीस टक्क्यांच्या आत राहा, ते होतात १४० मीटर. मग २१ वर असताना तीन इंची टाकून ९ वर आणायचं कशासाठी? लोक म्हणतात बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवलाय, हवा जास्त, पाइप मोठा पाहिजे. अहो, इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात बूस्ट वाढला तरी लिटर तेवढेच राहतात, दाटी वाढते. एसटी तीच, माणसं डबल. दाटीने घर्षण वाढतं हे खरं, पण २१ मीटरला ते किरकोळ. टर्बो ते इंटरकूलर ही बाजू गरम, तिथं हवा फुगलेली, तरी पंचवीस-तीस टक्के जास्त धरा, बास.

मोठ्या पाइपने लॅग वाढतो, म्हणजे पाय दाबल्यावर टर्बोचा जोर उशिरा येतो, म्हणून जी ओरड असते तीही मला थोडी जास्तच वाटते. दोन मीटर लांबी धरली तर तीन इंचीत पाचएक लिटर हवा जादा मावते, आणि हे इंजिन १५०० आरपीएमला सेकंदाला चौदा लिटर पितं, म्हणजे फरक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. पायाला कळतो, पण आभाळ कोसळत नाही. खरं दुखणं जॉइंटला. सव्वा बारच्या आसपास बूस्ट असताना दोन इंची तोंडावर पंचवीसेक किलोचा रेटा येतो, तीन इंचीवर पंचावन्न किलोच्या पुढे. म्हणजे एक सिमेंटचं पोतं त्या क्लिपवर लटकवल्यासारखं, वर इंजिन हलतंय ते वेगळंच. शिवाय टर्बोचं तोंड बारीक, तिथून एकदम तीन इंचात उडी, म्हणजे हवा तिथंच गरगर फिरते आणि कमावलेला थोडा प्रेशर घालवून बसते. रुंद करायचं तर नळकांडं हळूहळू रुंद होत जाणारं पाहिजे.

बारीकही करू नका हं. तेवढीच हवा दोन इंचीऐवजी दीड इंचीतून ढकलली तर प्रेशरचा तोटा चौपटीच्या वर जातो. आणि मोठा पाइप कुठंच नको असंही नाही, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल ६५०० आरपीएमला फिरत असेल तर दोन इंचीत वेग ५४ मीटरवर जातो, तिथं अडीच इंची टाकला तर मी स्वतः वाकवून देईन.

भाच्याच्या गाडीला शेवटी मीच दोन इंची केला. टर्बोच्या तोंडाला व्हर्नियर लावून माप घेतलं, तिथून हळूहळू रुंद होणारं नळकांडं दिलं, बेंड मँड्रेलचे, म्हणजे आत दांडा घालून वाकवलेले, घेतले कारण वाळू भरून घाईत वाकवला की पोटात चपटा होतो आणि मग दोन इंचीचा दीड इंची कधी झाला कळत पण नाही, प्रत्येक तोंडाला कड उठवली, टी-बोल्टची क्लिप घातली. एकूण खर्च त्याच्या तीस हजाराच्या चौथ्या हिश्श्यात आणि त्यात मामाची मजुरी नाही. त्यानंतर घाट तीनदा झालाय, जॉइंट जागेवर आहे. पॉवर वाढली का विचाराल तर नाही, कंपनीच्या पाइपाला होती तेवढीच आहे.

तेव्हा साहेब, एवढीच विनंती, पुढच्या वेळी असं काही छापाल तर इंजिन किती सीसीचं, किती आरपीएमला, हे दोन आकडे बाजूला द्या. तो तीन इंची पाइप अजून शेडमध्ये भिंतीला टेकून आहे. परवा एक पोरगं तुमच्या लेखाचा फोटो मोबाइलवर दाखवत आलं, म्हणालं काका हा देणार का, माझ्या आय ट्वेंटी टर्बोला टाकतो. ते इंजिन ९९८ सीसीचं.

आपला एक वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर