‘युरेका’ आणि सोन्याचा मुकुट

संपादक महोदय,

‘युरेका’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘मला सापडले!’. आर्किमिडीज न्हाणीघरातून उघडाच धावत सुटला, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते (राहणारच म्हणा!). सिराक्यूजचा राजा हिएरो याच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली का, हा खरा प्रश्न होता. ही कथा रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसने सांगितली, तीही सुमारे २०० वर्षांनंतर. आर्किमिडीजच्या उपलब्ध ग्रंथांत ती नाही. शिवाय कथेतल्याप्रमाणे मुकुट काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून, सांडलेले पाणी मोजून भेसळीमुळे पडणारा इतका बारीक फरक ओळखणे अवघडच. म्हणून गॅलिलिओने १५८६ च्या सुमारास मुकुट पाण्यात बुडवून तोलण्याची युक्ती मांडली. मला तीच पटते. विज्ञानशिक्षकांनी वर्गात हाच प्रयोग करून दाखवावा. तराजू, दोरा आणि बादली पुरते.

– एक वाचक, सांगली