प्राचीन डीएनएच्या बातमीत नमुन्यांची संख्याही छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राचीन डीएनएचे अभ्यासक, स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते पाबो यांच्या संशोधनकार्यावरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र निअँडरथल या नामशेष मानवाचा जनुकसंच, सैबेरियातील डेनिसोव्हा गुहेतले प्राचीन मानवाच्या बोटाचे हाड आणि २०२२ चे नोबेल एवढ्या टप्प्यांवरून तो भरभर पुढे गेल्यामुळे, या माणसाने आयुष्यभर कोणत्या अडचणीशी झुंज दिली हे वाचकाला कळतच नाही.

स्वीडनमधील उप्साला येथे विषाणूंवर पीएच.डी. करत असताना पाबो यांनी मार्गदर्शकांच्या नकळत इजिप्तच्या ममींमधला डीएनए शोधायला घेतला. तपासलेल्या २३ ममींपैकी सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या ममीतून डीएनए मिळाल्याचा त्यांचा निबंध १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये आला आणि गाजला. पण तो डीएनए बहुधा आजच्याच कुणा माणसाच्या स्पर्शातून आलेला असावा, हे पुढे त्यांनीच मान्य केले. मानवी हाडात परका मानवी डीएनए मिसळला तर तो ओळखणे महाकठीण, म्हणून नंतरची बरीच वर्षे त्यांनी नामशेष प्राण्यांच्या अवशेषांवर हात बसवला. १८५६ मध्ये जर्मनीतील निअँडर खोऱ्यात सापडलेल्या निअँडरथलच्या हाडातील मायटोकॉन्ड्रियल डीएनए (फक्त आईकडून येणारा, पेशीकेंद्राबाहेरचा छोटा डीएनए) त्यांनी १९९७ मध्ये जाहीर केला, तोही अमेरिकेतील दुसऱ्या प्रयोगशाळेने स्वतंत्रपणे डीएनएतील अक्षरांची (रासायनिक घटकांची) तीच माला मिळवल्यानंतरच.

लेखात चिंपांझींचा उल्लेखही नाही, याचे मला, प्राणिशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला, विशेष आश्चर्य वाटले. पाबो यांच्या गटाने १९९९ मध्ये एक्स गुणसूत्रावरील सुमारे १०,००० अक्षरांचा तुकडा अनेक चिंपांझींमध्ये वाचला, तेव्हा त्यांच्यातली विविधता माणसांमधल्या विविधतेच्या जवळजवळ चौपट निघाली. जगभर पसरलेले आपण सारे, आफ्रिकेच्या जंगलात उरलेल्या या कपींपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळचे आहोत. (जातिपातीचा अभिमान मिरवणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.) शिवाय माणसाच्या डीएनएतील एखादे अक्षर जुने की नवे, हे चिंपांझीशी ताडून पाहिल्याविना ठरवता येत नाही. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत निअँडरथलचा १ ते ४ टक्के अंश असल्याचा २०१० चा निष्कर्षसुद्धा चिंपांझीचा जनुकसंच तुलनेला घेऊनच काढलेला होता.

हे सारे पुण्यातून लिहिण्याचे कारण राखीगढी, हे हरियाणातील सिंधू संस्कृतीचे स्थळ. डेक्कन कॉलेजचे नाव जोडलेले असल्याने तिथल्या अवशेषांच्या डीएनएवरील २०१९ मधल्या निबंधाची आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर चर्चा झाली. आर्य बाहेरून आले की इथलेच, हा प्रश्न कायमचा निकालात निघाल्याचे मथळे झळकले. निकाल कुणाच्या बाजूने लागला, हे मात्र मथळा देणाऱ्यावर अवलंबून होते. मूळ निबंधात ६१ नमुने तपासून अभ्यासापुरता डीएनए मिळाला तो एका स्त्रीच्या अवशेषांतून, आणि तोसुद्धा अतिशय तुटपुंजा. इराणमधील शहर-इ-सोख्ता आणि तुर्कमेनिस्तानातील गोनूर येथील ११ प्राचीन व्यक्तींचा जनुकीय वारसा तिच्याशी जुळला, म्हणून लेखकांना काही व्यापक विधान करता आले. आपल्या उष्ण हवेत डीएनए लवकर विघटित होतो, त्यामुळे एवढे मिळणे हीच मोठी गोष्ट होती. पण एका स्त्रीच्या जनुकसंचावर संपूर्ण संस्कृतीचे कुलवृत्त लिहिता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील इनामगावला ताम्रपाषाण युगातली शेकडो दफने उत्खननात मिळाली आहेत. उद्या त्यांच्याविषयी किंवा अन्य कोणत्याही स्थळाविषयी डीएनएची बातमी आली, तर किती हाडे तपासली, कितींतून डीएनए निघाला, तो हाताळणाऱ्यांचा नाही हे कसे ठरवले आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने पडताळणी केली का, हे आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना विचारावे, आणि त्यांची उत्तरे शेवटच्या परिच्छेदात न ढकलता मथळ्याखालीच छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
कोथरूड, पुणे