सरकारी वकिलांच्या कामाची तपासणी कोण करणार?

मा. संपादक,
स.न.

राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे शासन निर्णय राज्यात वरचेवर निघतात आणि चर्चा कोणाचे कार्यकर्ते सुटले एवढ्यावरच थांबते. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० प्रमाणे (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१) खटला सरकार मागे घेत नाही. न्यायालयाच्या संमतीने सरकारी वकील घेतो. सरकारने शिफारस जरूर करावी, पण कागदपत्रे वाचून निर्णय त्याने स्वतःच्या बुद्धीने करायचा असतो. केरळ विधानसभेतील मोडतोडीचा खटला मागे घेऊ देण्यास २०२१ मध्ये नकार देताना सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले.

जिल्हा न्यायालयातील नोकरीत मी असे अर्ज गठ्ठ्याने हाताळले आहेत. मजकूर शब्दशः एकच. ‘सर्व कागदपत्रांचे अवलोकन करून मी स्वतंत्रपणे या निष्कर्षाप्रत आलो आहे’ हे वाक्यसुद्धा छापील आणि खटल्याचा क्रमांक तेवढा पेनाने भरलेला. दगडफेकीत डोके फुटलेल्या एसटी चालकाचा जबाब अशाच एका फाइलमध्ये होता. अर्जात त्याचा उल्लेखही नव्हता. नव्या संहितेने पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय खटला मागे घेता येणार नाही अशी तरतूद केली, हे फार चांगले झाले. पण अर्ज करणाऱ्याने फाइल खरोखर वाचली का, हे आजही कोणी तपासत नाही.

त्यासाठी सरकारी वकिलांवर देखरेख करणारे अभियोग संचालनालय आहे, असे सांगितले जाईल. मात्र नव्या संहितेच्या कलम २० नेच त्याचे संचालक गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली ठेवले आहेत, आणि पोलीसही त्याच विभागाचे. महाराष्ट्रातील सहायक सरकारी अभियोक्त्यांना (म्हणजे सरकारी वकिलांना) पोलीस खात्याच्या अंमलातून बाहेर काढण्यासाठी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला होता, हे विसरता येत नाही. २००२ च्या दंगलीतील हत्याकांडाच्या, बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात सरकारी वकील आरोपींच्या वकिलासारखे वागल्याचे ताशेरे २००४ मध्ये त्याच न्यायालयाने ओढले आणि फेरसुनावणी महाराष्ट्रात सोपवली. दिल्लीपर्यंत न पोहोचणाऱ्या खटल्यांना असा आधार कुठून मिळणार?

नेदरलँड्समध्ये सरकारी वकिलांची यंत्रणा कायदा पाळते की नाही, यावर तिच्याबाहेरचा, तेथील सर्वोच्च न्यायालयातील महाअभियोक्ता देखरेख ठेवतो. इंग्लंडमध्ये सरकारी वकिलांचे काम तपासणाऱ्या स्वतंत्र निरीक्षणालयाला २००० च्या कायद्याचा आधार आहे. आपल्याकडेही उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने, गृह विभागाबाहेर अशी यंत्रणा नेमावी. तिने दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातील मागे घेतलेल्या खटल्यांच्या आणि अपील न केलेल्या निकालांच्या निवडक फायली तपासून अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा. सरकारी वकिलाने काय ठरवावे हे तिने सांगू नये. ठरवताना कायद्याची रीत पाळली का, एवढेच पाहावे. ‘वरून आले आहे, सही करा’ या दबावापुढे एकट्या पडणाऱ्या प्रामाणिक वकिलांना, आणि असे अनेक आहेत, याचा सर्वांत मोठा आधार होईल. सुरुवात खटले मागे घेण्याच्या अर्जांपासून करावी, कारण त्यांच्या फायली त्या त्या न्यायालयात आजही उपलब्ध आहेत.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा