तिकिटाची मागची बाजू वाचता येईल अशी छापा : वित्तमंत्र्यांना खुले पत्र

मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

१९६९पासून राज्य स्वतःची लॉटरी चालवते आहे. तिकीट छापणे, सोडत काढणे, बक्षीस देणे ही सगळी जबाबदारी १९९८च्या केंद्रीय कायद्याने सरकारवरच टाकलेली आहे. पण नियम समजावून सांगण्याचे काम आम्हा स्टॉलवाल्यांच्या गळ्यात पडते. तिकिटामागचा मजकूर इतका बारीक की साठीच्या गिऱ्हाइकाला भिंग लागते. त्यापायी लोकांचे हक्काचे पैसे बुडतात. मुदतीत दावा झाला नाही की ती रक्कम कायद्यानेच सरकारजमा होते.

सर्वात जास्त घोळ निकाल पाहताना होतो. पहिल्या बक्षिसाला सहसा मालिका (क्रमांकाबरोबर छापलेली सिरीज) आणि क्रमांक दोन्ही जुळावे लागतात. लहान बक्षिसे बहुधा शेवटच्या चार आकड्यांवर असतात. गिऱ्हाईक वरचा मोठा क्रमांक बघते, जुळला नाही की तिकीट तिथेच फाडून टाकते. चार आकडे ०००० ते ९९९९ असे दहा हजार प्रकारे येऊ शकतात. एखाद्या बक्षिसासाठी असे ५० वेगवेगळे क्रमांक काढले, तर सरासरी दर २०० तिकिटांत एक लागते. म्हणजे फाडलेल्या तिकिटांत लागलेलीही असतात. म्हणून तिकिटावर ठळक अक्षरात एवढे तरी हवे: 'शेवटचे चार आकडेही तपासा.' पहिले बक्षीस फक्त विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच निघणार का, हेही तिथेच स्पष्ट लिहावे.

दुसरा घोळ कराचा. २२ सप्टेंबर २०२५पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. तो छापील किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे १०० रुपयांच्या तिकिटात २८ रुपये ५७ पैसे करच असतो. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. बक्षीस १०,००० रुपयांच्या वर गेले की ३० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा करूनच रक्कम हातात येते. कर फिटला, असे समजून माणूस निर्धास्त होतो. समजा ६० लाखांचे बक्षीस लागले आणि दुसरे उत्पन्न काहीच नाही. टीडीएस १८ लाख कापला जातो, पण त्या करावर १० टक्के अधिभार आणि दोन्हींच्या बेरजेवर ४ टक्के उपकर असे जादा कर धरून एकूण कर होतो २०,५९,२०० रुपये. उरलेले २,५९,२०० रुपये त्याने स्वतः भरायचे असतात. उशीर झाला की वर व्याज. आजवर घेतलेल्या तिकिटांचा खर्चही या उत्पन्नातून वजा होत नाही. पाच मित्रांनी मिळून एक तिकीट घेतले आणि दावा एकाच्या नावाने केला, तर टीडीएसही त्या एकाच्याच पॅनवर दिसतो. पुढे वाटणीवरून भांडणे होतात ती इथूनच.

तिकीट ज्याच्या हातात, बक्षीस त्याचे, असेच व्यवहारात धरले जाते. म्हणून घेतल्याबरोबर मागे नाव, पत्ता, सही करावी आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा. क्रमांकावरून किंवा बारकोडवरून घडी घालू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. खिशात भिजलेले, क्रमांक पुसलेले तिकीट घेऊन माणूस आला की आमच्या हातात काहीच उरत नाही.

मोबाइलवर 'तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली, आधी फी भरा' असे निरोप रोज फिरतात. तिकीटच घेतले नाही तर बक्षीस लागणार कुठून? आणि बक्षीस देण्यासाठी सरकार आधी पैसे मागत नाही. एक आकडी लॉटरीला, म्हणजे एकाच आकड्यावर बक्षीस देण्याला, कायद्याने बंदी असताना लॉटरीच्या पाटीआड ती कुठे कुठे चालते. त्यावर कारवाई हवीच.

पुढच्या बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसांच्या खास सोडतीच्या तिकिटामागे मोठ्या, सोप्या मराठीत चारच गोष्टी छापा: निकाल कसा पाहायचा, दाव्याची शेवटची तारीख, कुठल्या रकमेसाठी कुठे जायचे आणि कोणती कागदपत्रे लागतात. याच मजकुराचा एक फलक प्रत्येक स्टॉलला द्या. तो दर्शनी भागात लावायची जबाबदारी आमची.

आपले,
राज्य लॉटरीचे किरकोळ तिकीट विक्रेते