मनूला, रविवारच्या फोननंतर

प्रिय मनू,

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर मी 'संथ लय दुःखी वाटते का' या तुझ्या पेपरवरचे दोन्ही परीक्षकांचे शेरे पुन्हा वाचले. दादाने ते मोठ्या अक्षरात छापून दिले. बाबा म्हणाले, दोन दिवस काही लिहू नकोस. दोन दिवस झाले. फक्त पेपरबद्दल लिहिते आहे, व्हायोलिनचं विचारणार नाही.

संगीतशास्त्राचा परीक्षक म्हणतो, यात संगीत कुठे आहे? मानसशास्त्राचा म्हणतो, संगीताच्या चार तुकड्यांवरून एवढा निष्कर्ष कसा? तुला वाटतं, दोघं तुला दोन बाजूंना ओढत आहेत. मला वाटतं, दोघांनी एकाच जागी बोट ठेवलंय, आणि ती जागा म्हणजे ते चार तुकडे.

तू 80 श्रोते जमवलेस, ते सोपं नव्हतं. पण श्रोते 800 केलेस तरी तुकडे चारच राहतात. जलद दोनपैकी एक बासरीचा आणि संथ दोन्ही व्हायोलिनचे, मग ऐकणाऱ्याला वाटलेलं दुःख लयीचं की वाद्याच्या नादाचं, हे सांगणार कसं? हर्बर्ट क्लार्क यांनी 1973 मध्ये भाषेच्या प्रयोगांबद्दल हेच दाखवलं होतं. प्रयोगासाठी निवडलेले शब्द हाही एक नमुनाच असतो, आणि त्यांच्यातला फरक हिशेबात धरला नाही तर निष्कर्ष त्या शब्दांपुरताच उरतो. तुझ्याकडे शब्दांच्या जागी तुकडे आहेत. संख्याशास्त्रातल्या मिश्र मॉडेलमध्ये श्रोता आणि तुकडा दोन्ही रँडम घटक म्हणून, म्हणजे मोठ्या समूहातून उचललेले नमुने म्हणून घाल. मात्र चार तुकड्यांवर ते मॉडेल नीट बसणारच नाही, तुकड्यांमधला फरक शून्यावर येऊन अडकेल. निदान 24 स्वरवाक्यं घे, प्रत्येक दोन लयींत. एकाच श्रोत्याला सगळी ऐकवू नकोस, तो कंटाळतो आणि शेवटच्या दहांना एकच आकडा ठोकतो. प्रत्येकाला 12 संथ आणि 12 जलद दे, कोणतंही वाक्य दोनदा नको, आणि क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेव.

लय बदलायला सॉफ्टवेअरने ध्वनी ताणू नकोस. स्वराची सुरुवात पसरट होते आणि कंप मंदावतो, म्हणजे लयीबरोबर आणखी दोन गोष्टी बदलल्या. वादकाच्या कानात ठोका देऊन दोन्ही लयींत नव्याने वाजवून घे. तिथेही एक खोच आहे. जलद वाजवताना हात आपोआप जोरकस होतो. म्हणून ध्वनीची पातळी मोजून घे, आणि नुसतं शिखर जुळवून थांबू नकोस, कानाला जाणवणारी तीव्रता म्हणजे एलयूएफएस जुळव. मग सगळे तुकडे सलग ऐक. आकडे जुळूनही एखादा अंगावर येतो.

वादक मात्र असा हवा, ज्याला तुझं गृहीतक माहीत नाही. मी आधी लिहिणार होते की तूच वाजव. लिहिलंही होतं, मग खोडलं. संथ वाक्य दुःखी वाटावं असं तुला वाटतंय, तेव्हा तुझा गज ते ऐकेलच. पण चाचणीची फेरी तरी तू वाजवू शकतेस ना? कोणतं वाक्य कोणत्या लयीत तुटतं, हे हातात वाद्य असल्याशिवाय कळत नाही.

बघ, आलाच विषय. माफ कर.

श्रोते घरून ऐकणार असतील तर हेडफोनची चाचणी आधी ठेव. वुड्स आणि सहकाऱ्यांची 2017 ची पद्धत सोपी आहे. सहा वेळा तीन-तीन स्वर ऐकवायचे आणि सर्वांत हळू आवाजाचा कोणता ते विचारायचं. तिघांपैकी एक खरंच हळू असतो. दुसऱ्या एकाचा डावा-उजवा भाग उलट्या फेजमध्ये असतो, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली. स्पीकरवर ते दोन भाग हवेत एकमेकांना खातात आणि माणूस चुकून तोच निवडतो. सहापैकी पाच बरोबर आले तरच पुढे जाऊ द्यायचं.

आणि प्रश्नाचे शब्द बदल. 'हे संगीत किती दुःखी आहे?' आणि 'तुम्हाला किती दुःख झालं?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तू पद्धतीच्या भागात पहिला विचारलास आणि चर्चेत दुसऱ्याचं उत्तर मिळाल्यासारखं लिहिलंस. संगीतशास्त्राच्या परीक्षकाचा राग बहुतेक तिथला आहे.

दोन मार्गदर्शकांचं नाजूक आहे. मानसशास्त्रात सहा नावांचा लेख रोजचाच, पहिल्या नावाला मान असतो आणि शेवटचं बहुधा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. संगीत विभागातल्या निवड समितीला मात्र तुझं एकटीचं लेखन लागतं. म्हणून नावांचा क्रम आणि कोण काय करणार हे विदा, म्हणजे डेटा, गोळा करायच्या आधीच ईमेलवर लिहून घे. तोंडी ठरलेलं वर्षभरात प्रत्येकाला वेगळं आठवतं. आणि एक लेख एकटीचा ठेवच. हे मी तिसऱ्यांदा सांगते आहे, मला ठाऊक आहे.

श्रोत्यांच्या माहितीत संगीतकार कोण हे ठरवायला तू सहा वर्षांच्या शिक्षणाची रेघ ओढलीस. रूढ आहे, चालेल. पण त्या रेघेने दहा वर्षं शिकून सोडून दिलेला आणि आज सकाळी वाजवून आलेला एकाच गटात पडतो. शेवटचं कधी वाजवलं, आठवड्याला किती तास, हेही विचार. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या, संगीताचा अनुभव मोजणाऱ्या प्रश्नावलीत रोजच्या सरावाची वर्षं विचारतात, ती घेतलीस तर तुलनाही करता येईल. हा प्रश्न मी संशोधनासाठीच सुचवते आहे. नाही, खोटं कशाला लिहू. तुझं उत्तर काय येईल, तेही मनात आहे.

आजीला तू एकच ओळ दोन लयींत वाजवून दाखवायचीस आणि विचारायचीस, यातली रडकी कोणती? आजी दर वेळी म्हणायची, तू वाजवशील ती. तू चिडायचीस, हे उत्तर नाही म्हणायचीस. हनुवटीखाली लाल वण, आणि तशीच पुन्हा वाजवायला लागायचीस. हा पेपर तिथूनच आलाय. परीक्षकांना ते कळायचं कारण नाही, पण मानसशास्त्राच्या परीक्षकाने शेवटच्या ओळीत प्रश्न महत्त्वाचा आहे असं म्हटलंय. तू मला फोनवर ती ओळ वाचून दाखवली नाहीस. मी बाबांना दोनदा वाचून दाखवली.

नव्याने विदा घ्यायला चार-पाच महिने जातील. जाऊ देत. शिष्यवृत्तीची मुदत त्याआधी संपत असेल तर आत्ताच लिहून वाढवून माग, शेवटच्या आठवड्यात नको.

पेटी बंदच असेल तर निदान गज सैल केलेला आहे का ते बघ. ताणलेला राहिला तर काठीचा बाक जातो. तारा मात्र चारही एकदम सैल करू नकोस, तारांखालची घोडी पडते आणि आतला आधाराचा दांडाही सरकतो. पेटी उघडशीलच तर एवढं बघून मला कळव.

तुझी,
आई