सदतीस सालची गिटार आणि आजीचा पलंग

गिरगाव, मुंबई
14 जुलै

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. त्यातली पावणेतीन मिनिटं तू गुडघ्यांबद्दल बोलला आहेस, ते सोडून देतो. उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण मी फोनवर गिटारीविषयी बोलायला लागलो की आमच्या घरात लगेच भांडी जोरात वाजायला लागतात. म्हणून पत्र.

म्हणजे डिसेंबरात तू कायमचा येतोयस आणि येताना एक ‘खरी’ गिटार आणणार आहेस. चाळीस वर्षं न्यू जर्सीत बर्फ उपसून झाल्यावर एवढा हक्क तुझा आहेच. तुझ्या यादीत तीन नावं आहेत: मार्टिनची डी-28 ऑथेंटिक 1937, गिब्सनची जे-45 बॅनर 1942 (या दोन्ही रीइश्यू, म्हणजे त्या सालच्या गिटारीच्या नव्याने बनवलेल्या नकला) आणि तो तुझा शेजारी विकतोय ती 1966 सालची मूळची डी-28.

शेवटचीपासून सुरुवात करतो, कारण ती लगेच निकालात निघते. घेऊ नकोस. गिटार वाईट आहे म्हणून नव्हे. मार्टिन 1969 पर्यंत 28 नंबरच्या गिटारींची पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवाच्या करायचे आणि हे लाकूड 1992 पासून साइटीसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, वाघ-हत्तींच्या पंगतीत. तयार गिटारसुद्धा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तर साइटीसचे कागद लागतात. सहारवर रात्री अडीच वाजता कस्टमच्या साहेबाला तू डाल्बर्गिया निग्राचा (ब्राझीलच्या शिसवाचं शास्त्रीय नाव) इतिहास समजावतोयस, हे दृश्य मला तिकीट काढून बघायला आवडेल, पण तुझ्या खर्चाने नको. बाकीच्या जातींच्या शिसवाच्या तयार वाद्यांना 2019 च्या नोव्हेंबरपासून सूट आहे. ब्राझीलच्या शिसवाला नाही.

आणि गंमत बघ. ब्राझीलचं लाकूड मिळेना झालं तेव्हा मार्टिनवाले वळले कुणाकडे? आपल्याकडे. दक्षिणेतल्या जंगलातला काळा शिसव. गेली पन्नासेक वर्षं मार्टिनच्या नॅझरेथच्या कारखान्यात ज्या डी-28 बनल्या त्यांतल्या बहुतेकांच्या पाठी आपल्या आजीच्या पलंगाच्या जातीच्या आहेत. तो पलंग आठवतो ना? चौघांनी उचलला तरी हलायचा नाही, आणि त्याच्या दांड्यावर टिचकी मारली की टण्ण वाजायचा. तू म्हणायचास, याला तारा लाव. विनोद म्हणून म्हणायचास, पण बरोबर होतं ते. शिसव वाजतो. सागवान नुसता ठक्क करतो.

आता 1937.

हे रीइश्यूचं प्रकरण तुला वाटतं तेवढं सरळ नाही. ‘जुन्यासारखी’ म्हणजे कुठल्या जुन्यासारखी, हा पहिला प्रश्न. मानेवर चौदा फ्रेट (धातूच्या आडव्या कड्या) मोकळे असलेली डी-28 आली 1934 मध्ये. वरची फळी आतून ज्या पट्ट्यांनी तोललेली असते, त्यांतल्या दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या असतात. सुरुवातीला ही फुली साउंडहोलपासून, म्हणजे मधल्या गोल भोकापासून, साधारण एक इंचावर होती आणि पट्ट्या कोरून बारीक केलेल्या, म्हणजे स्कॅलप्ड. त्यामुळे फळी मोकळी हलायची, खर्ज भरून यायचा. 1939 च्या आसपास फुली मागे, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजकडे सरकवली. त्याच सुमारास नटची, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची, रुंदी पावणेदोन इंचांवरून एक अकरा-सोळांश इंचावर आली. 1944 मध्ये पट्ट्या कोरणंही बंद झालं, कारण लोक जाड तारा चढवायचे, फळीचं पोट फुगायचं आणि गिटारी दुरुस्तीला परत यायच्या. युद्धानंतर वरच्या फळीचं लाल स्प्रूसही गेलं आणि सिटका स्प्रूस आलं. कडेची ती तारलीच्या काट्यासारखी नक्षी, हेरिंगबोन, 1947 च्या सुमारास गेली.

म्हणून मार्टिनचे 1937 आणि 1941 हे दोन्ही ‘युद्धापूर्वीचे’ रीइश्यू शेजारी शेजारी टांगले तर नक्षी एकच, पण हातात घेतले की दोन वेगळी माणसं. 37 ची मान रुंद, मागून बोथट व्हीसारखी, अंगठा वरून आणणाऱ्याला झकास. 41 ची सडपातळ, फुली मागे, आवाज जरा आवरलेला. तुझी बोटं आखूड आहेत, सुध्या. एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या तो बारचा एफ तू अजून अर्धाच धरतोस.

37 मी वाजवली आहे. वांद्र्याला एक गोवेकर अंकल आहेत, त्यांच्या भाच्याने आणली होती. तारा बदलायला माझ्याकडे आली, म्हणजे मीच गेलो. केस उघडली तेव्हा आधी काही विशेष वाटलं नाही. उचलली तर हात वरच गेला, इतकी हलकी! आपण चहाची किटली भरलेली समजून उचलतो आणि ती रिकामी निघते, तसं. दाताच्या डॉक्टरकडचा असतो तसला आरसा आणि मोबाईलचा टॉर्च आत घालून पट्ट्या बघितल्या. कोरलेल्या जागी त्या इतक्या बारीक होत्या की मला भीतीच वाटली. मग खर्जाची ई तार नुसती अंगठ्याने छेडली. गिटार पोटावर धरली होती, पोटात वाजली. अंकल स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि काही न बोलता परत आत गेले.

तरीही म्हणतो, मुंबईत राहायला येणार असशील तर 37 आणू नकोस. कारण मान. 1934 ते 67 मार्टिनच्या मानेत टी आकाराची पोलादी पट्टी असायची आणि मधल्या युद्धाच्या काळात तीही नाही, आबनुसाची पट्टी. किल्लीने फिरवून मान सरळ करता येते असा ट्रस रॉड त्यांनी 1985 मध्ये आणला. ऑथेंटिकवाल्यांनी प्रामाणिकपणे तीच टी पट्टी परत घातली आहे. नॅझरेथला ठीक आहे, तिथे कारखान्यात हवेतली आर्द्रता राखलेली असते. गिटारीला साधारण 45 ते 55 टक्के लागते. माझ्या खोलीतला काटा आत्ता 88 वर आहे आणि पलीकडे दोरीवर परवाचा टॉवेल अजून ओला आहे. मान वाकली की आपण किल्ली शोधणार, आणि किल्लीला भोकच नाही! मग फ्रेट काढा, मान तापवा, घासा, पुन्हा फ्रेट बसवा. तुझ्या गुडघ्यांपेक्षा मोठा खर्च.

हां, सरसाबद्दल मात्र त्यांना सलाम. तू हसलास ना मेसेजमध्ये, ‘जनावराच्या कातड्याच्या गोंदाचे जास्त पैसे घेतात’ म्हणून? ऑथेंटिक सिरीजची सगळी जोडणी सरसाची आहे. का, ते आपल्या कलकत्तेवाल्या गिटारीवरून सांगतो. धोबी तलावाला दोघांनी मिळून सेकंडहँड घेतलेली ती. माझ्याकडेच आहे. चार वर्षांपूर्वी, असाच जुलै, ब्रिज मागून उचलला गेला. फटीत पोस्टकार्ड जाईल एवढा. मी आळशीपणा करून एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने फटीत इपॉक्सी ओतलं, वर वजन ठेवलं आणि हजार रुपये घेतले. पुढच्या पावसाळ्यात ब्रिज पुन्हा सुटला, पण एकटा नाही, वरच्या फळीचा ढलपा घेऊन सुटला. गोंद फळीपेक्षा मजबूत झाला की फळीच फाटते.

मग मी स्वतः बसलो. सुताराकडून सरसाचे दाणे आणले, रात्रभर भिजवले, सकाळी वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवले. वास तुला आठवत असेल. चाळीच्या तळमजल्यावर ते मिस्त्री खुर्च्या जोडायचे तेव्हा जिन्यात यायचा, ओल्या कुत्र्याचा आणि भाताच्या पेजेचा मिळून एक. सरस हातात असतो फार तर मिनिटभर. थंड झाला की संपलं. आधी इपॉक्सी खरवडण्यात तीन संध्याकाळी गेल्या, ढलपा जागेवर बसवण्यात एक, आणि शेवटचं चिकटवणं चाळीस सेकंदांत. उद्या पुन्हा काढायचा झाला तर गरम सुरी आणि चार थेंब पाणी, बस. सरस म्हणजे शब्द देऊन ठेवल्यासारखं आहे, धरून ठेवतो आणि सांगितलं की सोडतो. पण याची दुसरी बाजूही ऐकून ठेव: ती गिटार मे महिन्यात बंद गाडीत ठेवलीस तर सांगितल्याशिवायच सोडेल.

मग घेऊ काय, असं विचारशील. मनापासून सांगू? जे-45.

तू ब्लूग्रास, ते वेगवान अमेरिकन लोकसंगीत, वाजवणार नाहीयेस. तू गाणार. आरामखुर्चीत बसून, जेवणानंतर, भावगीतं, चुकीच्या पट्टीत. त्याला डी-28 चा खर्ज नको, तो तुझ्या आवाजावर बसेल. जे-45 चा आवाज कोरडा, मधला, लवकर विझणारा असतो आणि गाणाऱ्याला जागा सोडतो. स्केलही, म्हणजे तारेची वाजती लांबी, आखूड, पावणेपंचवीस इंच. मार्टिनचं 25.4. तेवढ्या फरकाने तारा मऊ लागतात, आणि तुझ्या त्या एफलाही बरं.

शिवाय तिची गोष्ट मला आवडते. 1942 मध्ये आली, किंमत 45 डॉलर, तेच नाव. गिब्सनच्या कॅलामझूच्या कारखान्यातले पुरुष लढाईवर, बाकांवर बहुतेक बायका. गिटारीच्या डोक्यावर (हेडस्टॉकवर) सोनेरी फीत रंगवलेली, गिब्सनच तेवढी पुरेशी चांगली, अशा अर्थाची. लोखंडाची टंचाई असल्यामुळे काहींच्या मानेत ट्रस रॉडच नाही. लाकूड मिळेल ते. गडद सनबर्स्ट रंगाने फळीतले दोषही झाकले जायचे, असं म्हणतात. म्हणजे टंचाईत बनलेली गिटार आज ऐटीची म्हणून पुन्हा बनवतात! आमच्या आईने रेशनच्या मिलोची भाकरी इतक्या वर्षांनी हॉटेलात पाहिली असती तर असंच काहीतरी वाटलं असतं तिला. तू दुकानात गेलास की हेडस्टॉकवर घंटेच्या आकाराचं छोटं झाकण आहे का बघ. त्याच्या खाली ट्रस रॉडची चावी असते. आणि साठच्या दशकातल्या नमुन्याची दाखवायला लागले तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, बघ. त्या काळी गिब्सनने स्क्रूने वर-खाली होणारा सॅडल बसवला होता, आवाज त्यात अडकतो. काही रीइश्यूंमध्ये तोही भक्तिभावाने परत आणलाय.

एक मात्र फसू नकोस. हल्ली जुनाट दिसण्यासाठी लॅकरवर मुद्दाम भेगा पाडून देतात, गिब्सनच्या मर्फी लॅबमधून तसल्या अकूस्टिक येतात. दिसतात सुरेख. पण भेगा मुंबई फुकट पाडून देते, दोन पावसाळे थांब. त्यापेक्षा भाजलेली फळी मिळत असेल तर घे. स्प्रूस प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत भाजतात, राळ-पाणी उडून जातं, आवाज मोकळा होतो आणि मुख्य म्हणजे फळी नंतर दमट हवा कमी पिते. इथे तोच खरा उपयोग. ठिसूळ असते, आपटू नकोस.

आणि पैशाचा आकडा बघून वहिनींनी डोळे वटारले, तर यामाहाची एफजी रेड लेबल. 1966 ची मूळ एफजी-180 प्लायची होती. आताच्या रेड लेबलला सबंध लाकडाची भाजलेली फळी आहे. नक्कल असलापेक्षा वरचढ, असं फार क्वचित होतं.

जाता जाता. आजीचा पलंग दोन वर्षांपूर्वी मोडला, वाळवी फक्त पायांना लागली होती. उशाची फळी मी भंगारवाल्याला दिली नाही, कपाटाच्या मागे उभी आहे. काल तुझा मेसेज ऐकल्यावर काढून पुसली आणि खडूने डी-28 चा आकार आखला. पाठ दोन तुकड्यांची असते, एकेक तुकडा जवळजवळ आठ इंच रुंद लागतो. फळी नऊ इंच आहे. पण बरोबर कमरेच्या जागी दोन खिळ्यांची भोकं आहेत आणि तिसऱ्या जागी तू कर्कटकाने कोरलेलं ‘सु’ आहे. नॅझरेथला कारखाना बघायला जाशील तेव्हा तिथल्या कुणा म्हाताऱ्या कारागिराला विचार, असली भोकं ते बुजवतात की तशीच ठेवतात. आणि येताना बारा नंबरच्या तारांचे तीन सेट आण, इथे महाग पडतात.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या