लाटा पेशींत नव्हत्या, लेझरमध्ये होत्या

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : कॉन्फोकल मायक्रोस्कोपच्या ४८८ नॅनोमीटर लेझरमधील दोषाबाबत चौथी तक्रार

महोदय,

आपल्याकडून घेतलेला लेझर स्कॅनिंग कॉन्फोकल मायक्रोस्कोप चौदा महिने आमच्या प्रयोगशाळेत आहे. जिवंत पेशींतल्या कॅल्शियमचे चढउतार टिपण्यासाठीच तो घेतला होता. गेले चार महिने हे यंत्र पेशींत नसलेल्या लाटा दाखवत आहे. तीनदा तक्रार केली आणि तिन्ही वेळा खापर आमच्या पेशींवर फोडले गेले.

आम्ही हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) फ्लुओ-४ हा कॅल्शियम वाढले की जास्त उजळणारा डाय भरतो, ४८८ च्या लेझरने तो उजळवतो आणि दर सेकंदाला एक चित्र घेतो. शांत पेशीत मोकळे कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असते. पेशींना चेतवणारे हिस्टामिन दिले की ते उसळते, आणि मग प्रत्येक पेशी आपापल्या लयीत उजळते, मंदावते. शेजारशेजारच्या पेशींचीही लय सहसा जुळत नाही. आम्हाला मात्र हिस्टामिन देण्याआधीच सगळ्या पेशी एकदम उजळताना दिसू लागल्या. सुमारे ४० सेकंदांची लाट, प्रकाशात १२ ते १५ टक्के फरक. खऱ्या लाटाही याच वेगाच्या आसपास असू शकतात, म्हणून आमची फसगत झाली. मग एकीच्या लक्षात आले की काचेला चिकटलेला मेलेल्या पेशीचा एक तुकडाही त्याच तालात चमकतो आहे. मेलेली पेशी कॅल्शियमची लाट कुठून काढणार?

आपल्या अभियंत्यांनी पहिल्यांदा सांगितले की डाय नीट भरला गेलेला नाही. दुसऱ्यांदा, फोकस सरकतो आहे. हे आम्हालाही पटले होते, कारण पिनहोल, म्हणजे फोकसबाहेरचा उजेड अडवणारे बारीक छिद्र, एक एअरी युनिट या नेहमीच्या अरुंद मापावर असताना पेशीचा इतका पातळ काप दिसतो की फोकस थोडा हलला तरी उजेड घटतो. तिसऱ्यांदा, लेझरमुळे पेशी मरत आहेत.

शेवटी आम्ही पेशीच काढून टाकल्या. नुसती फ्लुओरेसंट प्लास्टिकची स्लाइड ठेवून अर्धा तास चित्रे घेतली, आणि लाटा तशाच आल्या. आरपार जाणारा लेझरचा उजेड मोजणाऱ्या डिटेक्टरवरही त्याच लाटा होत्या. त्या वाटेत ना डाय, ना कॅल्शियम, ना पिनहोल. याच यंत्रातल्या ५६१ नॅनोमीटरच्या दुसऱ्या लेझरवर मात्र रेषा सरळ आली.

फ्युरा-२ हा दोन तरंगलांबींवर मोजायचा डाय वापरला असता तर दोन तरंगलांबींच्या गुणोत्तरात असा दोष बराचसा लपला असता. फ्लुओ-४ मध्ये ती सोय नाही. उजेड वाढला म्हणजे कॅल्शियम वाढले, एवढाच आमचा आधार. तोच खोटा निघाल्यावर चार महिन्यांची सगळी मोजमापे बाद करावी लागली. त्यांत एका विद्यार्थिनीचे प्रबंधाचे अकरा प्रयोग आहेत. तिने रात्री जागून केलेले काम तिच्यादेखत फोल्डरमधून बाजूला काढताना मला फार वाईट वाटले.

४८८ चा लेझर पंधरा दिवसांत विनामूल्य बदलून द्यावा, वाया गेलेल्या चार महिन्यांइतकी वॉरंटी वाढवावी, आणि आधीच्या तीन भेटींच्या अहवालांतला ‘नमुन्यातील दोष’ हा शेरा लेखी मागे घ्यावा. तो शेरा राहिला तर उद्या आमच्या कामावरच शंका घेतली जाईल. स्लाइडच्या आणि पेशींच्या मूळ फाइली सोबत जोडल्या आहेत.

पुढच्या भेटीत अभियंत्यांनी लेझर पॉवर मीटर सोबत आणावा. मागच्या तिन्ही वेळा तो आणला नव्हता.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख